हा खेळ आपल्याला मानवेल का?

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुलं उभी राहतात, नाहीतर ऑफिसातून आल्यावर चहाचा कप हातात येण्याआधीच टीव्हीसमोर बसकण मारणारे यजमान. पण मैत्रिणींनो, गेल्या काही महिन्यांत मला तिघीजणींनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मुलांविषयी नव्हता. "घरात तो एल्डन रिंग आणून ठेवलाय. सगळे खेळतात. मी हात लावला की म्हणतात, तुला नाही जमायचा, फार कठीण असतो. खरंच नाही का हो जमायचा?" एकीकडे एल्डन रिंग, दुसरीकडे त्याच कंपनीचा आधीचा डार्क सोल्स, एवढाच काय तो फरक. सकाळची अर्धवेळ शाळा आटोपून घरी आल्यावर आणि मुलं परतण्यापूर्वी जो तास-दीड तास मला सापडतो, त्यात मी हे दोन्ही खेळ खेळले आहे. तेव्हा या खेपेला लोणची-पापडांना सुट्टी देऊन याच विषयावर बोलू.

प्रथम एक सांगते. 'जमेल का' हा प्रश्नच मला पटत नाही. सरावानं जमतं हो! ज्या बाईला पातळ पुरणपोळी न फाटता तव्यावर टाकता येते, तिच्या हातांना दोन अंगठ्यांचं यंत्र जड नाही. खरा प्रश्न आहे तो 'मानवेल का' हा. एखादीला कारलं मानवतं, एखादीला नाही. त्यात हुशारीचा संबंध काय?

हा खेळ आहे तरी काय, ते आधी पाहू. जपानमध्ये फ्रॉमसॉफ्टवेअर नावाची कंपनी आहे, १९८६ साली निघालेली. तिथले दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांचा डेमन्स सोल्स २००९ साली आला, २०११ साली डार्क सोल्स, आणि २०२२च्या फेब्रुवारीत एल्डन रिंग. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून एल्डन रिंगला 'द गेम अॅवॉर्ड्स'मध्ये गौरवण्यात आलं. यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, रूप द्यायचं, त्याचं बळ तलवारीत वाढवायचं की मंत्रांत ते ठरवायचं, आणि एका ओसाड, मोडकळलेल्या राज्यातून त्याला चालवत न्यायचं. पडके किल्ले, दलदली, भुयारं, आणि पावलोपावली मारायला टपलेले शत्रू. रक्त आणि अक्राळविक्राळ रूपं भरपूर आहेत. एल्डन रिंगवर युरोपात सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाही असा शिक्का आहे. धाकटी मुलं खोलीत असताना लावू नये, हे ओघानं आलंच.

आता यातला जाच ऐका. शत्रूला मारलं की आपल्याला पुंजी मिळते. डार्क सोल्समध्ये तिला सोल्स म्हणतात, एल्डन रिंगमध्ये रून्स. हीच खर्चून बळ वाढवायचं, हीच देऊन वस्तू घ्यायच्या. आता समजा, मंडईतून येताना तुम्ही घसरून पडलात आणि पाकीट तिथंच राहिलं. पाकीट हवं असेल तर घरापासून पुन्हा त्याच वाटेनं जायचं. तीच कुत्री अंगावर येणार, तोच खड्डा आडवा येणार. आणि पाकिटापर्यंत पोचण्याआधी पुन्हा आपटलात, तर पहिलं पाकीट कायमचं गेलं! या खेळांचा कणा म्हणजे एवढीच गोष्ट.

मधूनमधून विसाव्याच्या जागा आहेत. डार्क सोल्समध्ये शेकोटी, एल्डन रिंगमध्ये जमिनीतून वर येणारा सोनेरी उजेड. तिथं बसलं की जखमा भरतात, औषधाची बाटली भरते. पण मारलेले बहुतेक शत्रूही उठून आपापल्या जागी पुन्हा उभे राहतात. (आपल्या मोरीतल्या भांड्यांसारखे. सकाळी घासा, संध्याकाळी हजर!) सोपं, मध्यम, कठीण अशी निवड करायची सोय नाही. इतर खेळांत आपण हव्या त्या ठिकाणी खूण करून ठेवतो आणि बिघडलं तर तिथून पुन्हा सुरू करतो. इथं खेळ स्वतःच क्षणोक्षणी नोंद करत जातो आणि मागं फिरू देत नाही. पेन्सिलीनं नव्हे, शाईनं लिहायचं. रागाच्या भरात एखाद्या दुकानदाराला मारून टाकलंत तर तो मेलाच. उद्या त्याचं दुकान उघडायचं नाही.

आणि सगळ्यांत मोठी मेख म्हणजे हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. पॉज म्हणून नाहीच. तुम्ही दार उघडायला उठलात तरी पडद्यावरचा राक्षस काही थांबत नाही. (याच कंपनीच्या २०१९च्या सेकिरोमध्ये मात्र पॉज आहे, पण तो माझ्या मते हातांना याहून कडक.)

या मेखेवर मी जरा थांबणार आहे, कारण खेळ मानवतो की नाही हे बायकांच्या बाबतीत इथंच ठरतं. या खेळांविषयी बोलणारे पुरुष तुम्हाला सांगतील, चपळाई लागते, नजर लागते, चिकाटी लागते. सारं खरं. पण ज्याला चाळीस मिनिटं कुणी हाक मारत नाही त्यालाच चपळाई दाखवता येते. आपल्याला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, गॅसवाला येणार असतो, सासूबाईंचं औषध तीन वाजता असतं. तुमच्या मुलाला जो राक्षस आठ वेळांत मारता येतो, त्याला तुम्हाला वीस वेळा लागतात, त्यांतल्या दहा वेळा दारावरची बेल वाजलेली असते. ही गोष्ट कुणी हिशेबात धरत नाही, आणि मग 'आईला जमत नाही' असा निकाल लागतो.

तोड आहे, पण अर्धीच. मेनूतून 'क्विट' करून बाहेर पडलं तर आपली जागा राहते, पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. मोठ्या लढाईच्या मध्यात पडलात तर ती लढाई मात्र पहिल्यापासून. शत्रू जवळ नसताना कोपऱ्यात उभं राहून जाऊन येता येतं. पण ज्या घरात तुम्हाला सलग पाऊण तास आपला म्हणता येत नाही, त्या घरात हा खेळ आणू नका, असं मी स्पष्ट सांगेन. नाहीतर आधी तो पाऊण तास मागून घ्या. "सात ते पावणेआठ मला हाक मारायची नाही," असं एक वाक्य. तिघींपैकी एकीला मी हे सुचवलं तर ती म्हणाली, "त्यापेक्षा तो राक्षस सोपा!" हसण्यावारी नेलं तिनं, मला मात्र ते वाक्य दोन दिवस बोचत राहिलं.

दुसरी परीक्षा मनाची. तुम्ही विणकाम करता ना? आठ ओळी झाल्यावर खाली एक टाका सुटलेला दिसला, तर तुम्ही काय करता? काहीजणी शांतपणे उसवतात, टाका कुठं आणि कसा सुटला ते बघतात, पुन्हा घालतात. काहीजणी लोकर सुयांसकट पिशवीत कोंबतात आणि ती पिशवी पुढच्या थंडीपर्यंत उघडत नाहीत. शाळेतही हेच बघते मी. गणित चुकलं की काही मुलं खोडरबरानं पान फाटेपर्यंत खोडतात. काही मुलं लाल शाई कुठल्या पायरीवर आहे ते आधी पाहतात. हा खेळ त्या दुसऱ्या मुलांचा आहे. कारण इथं प्रत्येक शत्रूचा वार ठरलेला असतो. तो हात कसा उगारतो, किती वेळ रोखून धरतो, मग कुठल्या बाजूनं आणतो, हे तिसऱ्या-चौथ्या मरणात दिसायला लागतं. मेलं की काहीतरी कळतं, आणि पुंजी जाते ती जणू त्याची फी.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं उदाहरण मी त्यांना विचारूनच देते आहे. एकत्र कुटुंब, माणसं बोलून दाखवणारी. भाजीत मीठ जास्त, पोळ्या आज जाड, विजेचं बिल शेवटच्या दिवशीच का भरलं, असा दिवस. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याचं यंत्र घरी राहिलं. दुपारी सगळे झोपले की जाऊबाई डार्क सोल्स लावू लागल्या. मला वाटलं होतं, दिवसभर चुका मोजून घेणाऱ्या बाईला हा आणखी एक चुका मोजणारा कशाला हवा? त्या म्हणाल्या, "अगं, पण हा बोलत नाही." आणि खरंच, आपण मेलो की पडद्यावर 'यू डाइड' एवढे दोन शब्द येतात. मागच्या वेळी काय केलं होतंस, तुझ्या माहेरी हेच शिकवलं का, असलं काही नाही. शेकोटीशी पुन्हा उठायचं. शिवाय त्या आणखी एक म्हणाल्या, ते मला जास्त पटलं: आज चहा गोड झाला म्हणून बोलणी बसतात, उद्या साखर कमी घातली तर अगोड म्हणून बसतात, हा मात्र काल ज्या चुकीला मारतो, आज त्याच चुकीला मारतो. नियम बदलत नाही.

सगळ्यांनाच असा विसावा मिळेल असं मुळीच नाही. शेजारच्या इमारतीतल्या माझ्या मैत्रिणीला चार दिवसांत रात्रीची झोप येईना. डोळे मिटले की ती पुंजी गेलेली दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी तो राग मुलीच्या वेण्या घालताना निघायचा. तिला मी सांगितलं, बंद कर. खेळ आहे, नवस नाही.

तिसरी गोष्ट, समोर आलेलं सगळं आपणच पार पाडलं पाहिजे अशी ज्यांना सवय लागली आहे त्यांच्यासाठी. एल्डन रिंगच्या अगदी सुरुवातीला एक भयंकर प्राणी समोर येतो आणि नवख्या माणसाला तो हमखास मारतोच. ते तसंच योजलेलं आहे. मेलात तरी गोष्ट पुढं सरकते. मग भुयारातून मोकळ्या रानात आलं की थोड्याच अंतरावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारताना दिसतो. मला प्रश्न विचारणाऱ्या तिघींपैकी एक या घोडेस्वाराशी तीन संध्याकाळी लढत होती आणि आपल्या अंगात काही नाही असं ठरवून मोकळी झाली होती. अहो, त्याच्याशी लढायचं बंधनच नाही! बाजूच्या झाडीतून निघून जायचं. पलीकडे पडक्या चर्चमध्ये एक व्यापारी बसलेला आहे, त्याच्याकडून चार वस्तू घ्यायच्या, पुढं आपल्याला घोडा मिळतो, बळ वाढतं, मग वाटलं तर परत येऊन त्याचा समाचार घ्यायचा. न वाटलं तर नाही. मी हे सांगितल्यावर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "टाळलेलं चालतं?" चालतं. एल्डन रिंगमध्ये तर फार चालतं. डार्क सोल्समध्ये वाटा अरुंद आहेत, तिथं कमी. म्हणून नवखीला मी एल्डन रिंगच सुचवते. त्यात घंटी वाजवून मदतीला भुतं बोलावता येतात, दुरून मंत्र टाकता येतात. हे केलं तर 'खरं खेळणं' नव्हे असं म्हणणारे दीडशहाणे घरोघरी भेटतात. त्यांना विचारा, मिक्सर वापरून केलेली चटणी ही चटणी नव्हे काय?

हातांविषयी थोडक्यात. डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि उजव्यानं मान वळवायची, ही दोन कामं एकदम करणं ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांनी इथं श्रीगणेशा करू नये. मुलांचा माइनक्राफ्ट असेल तर त्यातला राक्षसांविना असलेला प्रकार लावून आठवडाभर नुसतं हिंडावं, घरं बांधावीत. अंगठे आपोआप वळतात.

वाचनाची आवड असेल तर मात्र इथं एक वेगळी मौज आहे. मियाझाकी लहानपणी ग्रंथालयातून आपल्या आवाक्याबाहेरची पुस्तकं आणीत, आणि न कळलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेनं भरून काढीत. त्यांच्या खेळांतली कथाही तशीच, तुकड्यातुकड्यांत. एखाद्या अंगठीखाली लिहिलेल्या चार ओळी, एखाद्या म्हातारीचं अर्धवट बोलणं. बाकीचं आपण जुळवायचं. मराठीत काही नाही, इंग्रजी वाचावं लागतं, तेही जुन्या वळणाचं. ज्यांना गोष्ट सरळ सांगितलेली आवडते त्यांना हे कंटाळवाणं होईल, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं नाही. इंटरनेट जोडलेलं असलं तर जमिनीवर दुसऱ्या अनोळखी खेळणाऱ्यांनी ठेवलेल्या चिठ्ठ्याही दिसतात: पुढे सापळा आहे, इथं भिंत खोटी आहे. (काही चिठ्ठ्या साफ खोट्या असतात, बरं का!) बर्फाच्या चढावर गाड्या अडकल्या असताना मागच्या अनोळखी गाड्यांनी पुढच्यांना ढकलत वर नेलं, त्या अनुभवावरून मियाझाकींना अनोळखी खेळणाऱ्यांनी एकमेकांना मदत करण्याची कल्पना सुचली. एकटीनं दुपारी खेळताना कुणीतरी लिहून ठेवलेलं 'सावध' वाचलं की बरं वाटतं खरं.

कुणाला दाखवून द्यायचं म्हणून खेळायचं असेल तर माझा सल्ला 'नको' असा आहे. हे शंभर तासांचं काम आहे, आणि शंभर तास दुसऱ्याच्या वाक्याला उत्तर देत बसणं हा तोट्याचा व्यवहार. मुलगा तरी शेवटी 'बरं' एवढंच म्हणणार!

पात्र घडवायची, गोष्टीत शिरायची हौस आहे पण हा जाच नको, अशांसाठी बाल्डर्स गेट ३ आहे, २०२३ सालचा, बेल्जियमच्या लॅरियन या कंपनीचा. त्यात लढाई पाळीपाळीनं चालते. तुमची पाळी आली की खेळ तुमच्यासाठी थांबून राहतो. पोळी उलटून या, फोन घेऊन या, राक्षस जागच्या जागी. सोपं-कठीण निवडता येतं, बिघडलं तर मागच्या खुणेवर जाता येतं. तिघींतली तिसरी, जिला पाऊण तासही मिळत नाही, ती आता हाच खेळते आहे आणि खुशीत आहे. मात्र त्यात शृंगाराचे प्रसंग उघड आहेत, तेव्हा बैठकीच्या खोलीत, मामंजी पेपर वाचत असताना लावू नये.

पैशांचं सांगायचं तर, काँप्युटरवर स्टीमच्या दुकानातून घेतला आणि १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला, तर पैसे मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानातून घेतला तर उतरवून घ्यायला सुरुवात करण्यापूर्वीच परत करावा लागतो, म्हणजे चाखून बघायची सोय नाहीच. तिथं तबकडी घ्यावी, नाही मानवला तर निम्म्या-पाऊण किमतीत ती कुणीतरी घेतं. पण दोन तासांत या खेळाची परीक्षा होत नाही, हेही लक्षात ठेवा. सोनी कंपनीतल्या शुहेई योशिदा यांनी डेमन्स सोल्स बाजारात येण्यापूर्वी दोनेक तास खेळून पाहिला, तरी ते सुरुवातीलाच अडकून राहिले, आणि त्यांनी खेळ वाईट ठरवला. सोनीनं तो अमेरिकेत आणलाच नाही, अॅटलस या दुसऱ्या कंपनीनं आणला आणि तो नावाजला गेला. म्हणून शक्य असेल तर कुणाचा तरी उसना घेऊन आठ-दहा तास खेळून पाहावा. तेवढ्यात विणकामाची पिशवी तुम्ही कोंबता की उसवता, ते तुमचं तुम्हाला कळेल.

आणि घरात कुणाचा खेळ आधीच असेल तर त्याच्या पात्रावर हात चालवू नका. एल्डन रिंगमध्ये दहा निरनिराळी पात्रं ठेवता येतात. त्यांतली एक जागा आपल्यासाठी मागून घ्या. व्हॅगाबॉन्ड घेतला तर जाड चिलखत आणि ढाल मिळते, अॅस्ट्रॉलॉजर घेतली तर लांबून मंत्र टाकता येतात. माझं मत दुसरीला. रूपावर फार वेळ घालवू नका, तोंड शिरस्त्राणाखालीच जातं. नाव मात्र आपलं द्या. जाऊबाईंनी माहेरचं दिलं आहे.